आबा बाजूला बसले आहेत

आबा आज जेवले असतील का, हा एकच प्रश्न संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही. माझ्या लेकीचं, चिऊचं दप्तर भरून झालं, तिच्या अंगावर पांघरूण घातलं, दारं लावली, तरी तो तिथेच. मी देवासला, ते धारला. मध्ये अख्खं इंदूर.

आबा म्हणजे माझे वडील, चिंतामणराव. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. निसरपूरकडची धरणात बुडणारी घरं कागदावर उतरवायला त्यांना महिना-महिना तिकडे राहावं लागे. परत आले की आधी मागच्या अंगणात अंघोळ, मग घरात पाऊल. सोवळं आमच्याकडे पणजोबांपासूनचं, पण आबांच्या अंगात ते जरा जास्तच होतं. सकाळी मुकटा नेसून ते देवघरात शिरले की बाहेर येईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. आई महिन्याचे चार दिवस मागच्या खोलीत बसायची. एक चटई, एक तांब्या, गल्लीत उघडणारं एक दार. तिला ताटात वरूनच वाढायचं, पाणी उंचावरून ओतायचं. माझा भाऊ पीयूष, त्याची बायको अल्पना बदनावरहून लग्न होऊन आली, तीही सुरुवातीची काही वर्षं त्याच खोलीत बसली. वरून कसं वाढायचं ते तिला आबांनीच शिकवलं. आई गेल्यावर ते सगळं हळूहळू सुटलं. आबांनी हट्ट केला नाही, आम्हीही विषय काढला नाही.

गेल्या वर्षी त्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. इंदूरला ऑपरेशन झालं आणि पोटाला कायमची पिशवी लागली. मल आता त्या पिशवीतच जमतो. ती रिकामी कशी करायची, बदलायची कशी, हे सिस्टरने शिकवलं आणि आबा लगेच शिकले. हात अजून स्थिर आहे त्यांचा. ती म्हणालीसुद्धा, बाबूजी, आपने तो मेरे से अच्छी लगाई. मला वाटलं, निभावलं.

घरी आल्यावर ते देवघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पीयूषला म्हणाले, आजपासून पूजा तू कर. मग आपलं अंथरूण स्वतः उचललं आणि मागच्या खोलीत नेऊन टाकलं. आम्ही समजलो, थकलेत, आराम हवाय. दिवाळी तिथेच गेली. संक्रांतही.

नारायणराव, त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, रोज पत्ते खेळायला यायचे. एकदा दारातूनच म्हणाले, "चिंत्या, बाहेर ये की. तुझ्या देवाला वास येत असेल तर येऊ दे, मला तर बारमाही सर्दी आहे." आधीचे आबा असते तर याच्यावर तासभर भांडले असते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नारायणराव हल्ली फोन करून पीयूषलाच विचारतात, येत नाहीत.

गेल्या रविवारी मी चिऊला घेऊन गेले. ती धावत त्यांच्या गळ्यात पडायला गेली आणि आबा हात पुढे करून मागे सरकले. "लांबूनच, बाळा." परतीच्या बसमध्ये तिने मला विचारलं, "मम्मी, आबा माझ्यावर गुस्सा आहेत?" मी नाही म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. एवढ्या मुलीला याच्यातलं काय कळलं असेल आणि काय मनात राहील, याचा घोर वेगळाच.

त्याच रविवारी दुपारी मी त्यांना पकडलं. अल्पना त्यांना वाढून आली होती. ती मला स्वयंपाकघरात सांगत होती की आबा सगळं जेवतात, ताट अगदी साफ येतं, तरी वजन का उतरतंय कळत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, वजन वाढल्याशिवाय पुढची किमो देता येणार नाही. बोलता बोलता म्हणाली, आजकाल गल्लीत एक गाय रोज जेवणाच्या वेळेला बरोबर येऊन उभी राहते. मी उठून मागे गेले. आबा दाराशी वाकून पोळ्या एकेक करून बाहेर सरकवत होते. भाजी, वरणभात, सगळं त्या गाईला.

मी उंबऱ्यावर बसले. ते ओशाळले नाहीत. फक्त दमल्यासारखे अंथरुणावर टेकले.

"खाल्लं की भरते, ऋजू," ते म्हणाले. "नाही खाल्लं तर रात्र बरी जाते."

मी म्हटलं, असं किती दिवस चालणार.

"तुझी आई इथे चार दिवस बसायची. पाचव्या दिवशी न्हाऊन आत यायची. मला पाचवा दिवस नाही."

मी म्हटलं, घरात कुणाला तुमची किळस नाही. ते हसले, वाईट हसले. "सूनबाई वरून वाढते. पाणी उंचावरून ओतते, भांड्याला भांडं लागू देत नाही. चुकत नाही तिचं. मी तरी दुसरं काय केलं असतं?"

मी तशीच अल्पनाकडे आले. ती कणीक मळत होती. ऐकून तिचे हात परातीतच थांबले.

"ताई, मी तर त्यांच्याच नियमाने चालले," ती म्हणाली. "मला वाटलं, इतकं सगळं गेलं त्यांचं, सोवळं तरी राहू दे. मी शिवले आणि त्यांना ते मोडल्यासारखं वाटलं तर?"

मी परत मागे जाऊन आबांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, चांगल्या घरची आहे, असंच म्हणणार. मी त्यांचा हात धरला, तर तो त्यांनी अलगद सोडवून घेतला. लेक करतेच, त्याचं काय एवढं, असं काहीतरी पुटपुटले. शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. माझा हात पोचला नाही.

आज पीयूषचा निरोप आला. गल्लीकडचं दार बंद ठेवलं तर ताट तसंच परत येतं. सोमवारी इंदूरला डॉक्टरांकडे यायला त्यांनी नकार दिलाय. तो लिहितो, जबरदस्ती कशी करायची? मलाही माहीत नाही. त्यांना मरायचंय असं ते म्हणत नाहीत. ते फक्त तिथे बसून आहेत, आणि बोलावणारं कुणी उरलेलं नाही, कारण सगळे त्यांचा मान राखतायत.

त्यांना आत आणू शकली तर अल्पनाच. तिने ताट वरून न वाढता त्यांच्यासमोर बसून, घास कालवून, त्यांच्या हाताला हात लावून दिला तर कदाचित. पण हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? त्याच चटईवर, नवी नवरी असताना, आबांनी तिला बसवलंय. तेव्हा मी देवासला माझ्या संसारात होते, तिच्याजवळ कुणी जाऊन बसलं नव्हतं. तिने नाही म्हटलं तर मला तिचा राग यायचा नाही. आणि हो म्हटलं तरी आबा घास घेतील की पुन्हा भिंतीकडे वळतील, कोण सांगणार? आई असती तर, असंही वाटून गेलं. पण आईसुद्धा त्यांच्या नियमाबाहेर कधी गेली नव्हती.

उशीर झालाय. पण अल्पना ओटा आवरून झाला तरी आबांच्या खोलीतला दिवा बंद झाल्याशिवाय झोपत नाही. मी आबांना नाही, तिलाच फोन लावते. आधी तिला विचारीन, त्या खोलीत तुला कसं वाटायचं गं? बाकीचं त्यानंतर.