साहेबाची खोटी खिडकी

"मास्तर! आवं मास्तर! चावी कुनी काडली? चावी!"

गवंडी असा ओरडत होता की कोल्हारच्या पुलावरच्या ट्रकांनी ब्रेक मारले असतील. मी शांतपणे खिशातून बंगल्याची चावी काढली आणि त्याच्या नाकासमोर हलवली. "ही काय, सकाळपासून जिवापाड जपलीय."

त्यानं चावीकडे बघितलं, वर कमानीकडे बघितलं, माझ्या हातातल्या पहारीकडे बघितलं आणि थेट माझ्या अंगावर झेपावला.

हा आमचा काळ्या दगडाचा मिशन बंगला एका गोऱ्या साहेबानं बांधला, त्याच्या मुलखातल्या जमीनदारांच्या घरासारखा हुबेहूब. भिंती इतक्या जाड, की सोमवारी मारलेली हाक पलीकडच्या खोलीत बुधवारी पोचते. छप्पर खडं उतरतं, बर्फ घसरून पडावा म्हणून. बिचारं अजून बर्फाची वाट बघतंय. धुराड्याच्या शेगडीत आम्ही कांदे ठेवतो. तिकडे ऊन म्हणजे पाहुणा, म्हणून साहेबानं झाडून सगळ्या खिडक्या दक्षिणेला काढल्या. इकडे ऊन घरजावई. मे महिन्यात दिवाणखान्यात पापड ताटातच भाजून निघतात. मी शाळेतून निवृत्त झालो, पण बंगल्याची राखणदारी सुटली नाही, म्हणून मी आणि बायको अजून इथंच.

उत्तरेच्या सावलीच्या भिंतीत मात्र साहेबानं एक गंमत केली. बाहेरून रांगेत पाच कमानी: चार कोनाडे, आणि मधली हुबेहूब खिडकी, चौकटीसकट. आतून सपाट भिंत. नुसती शोभेसाठी! त्या खोट्या खिडकीमागेच बायकोचं स्वयंपाकघर. लग्न होऊन आल्यापासून ती त्या भट्टीत भाकरी थापतेय आणि एकच मागतेय, "ती खिडकी तेवढी खरी करा." चर्चच्या कमिटीकडे मी इतके अर्ज केले, की त्यांच्यावर एक हिवाळा शेकला असता. यंदा एकदाची परवानगी आली.

काम सोपं होतं. कमान तशीच ठेवायची, पोटातले भरावाचे दगड तेवढे काढायचे. दुपारपर्यंत गवंड्यानं ते काढले. आरपार उजेड दिसला. बायको परातीतलं पीठ तसंच टाकून त्या झोतात येऊन उभी राहिली. पदर सैल केला.

तेवढ्यात गवंडी तंबाखू आणायला निघाला. जाता जाता म्हणाला, "मास्तर, चावी तेवडी हलवू नगा हं."

मी चावी खिशात खोल ढकलली, वर रुमाल कोंबला. बायको परातीकडे परतली, मला मात्र नुसतं बसवेना. कमानीच्या माथ्यावर मधोमध एक दगड बाकीच्यांच्या पुढं नाक काढून बसला होता. चुना सुटलेला, हलत होता. म्हटलं, गवंड्याचं तेवढंच काम हलकं करू. पहार घातली. आला की अलगद!

गवंड्यांच्या भाषेत त्याच दगडाला चावी म्हणतात. सगळी कमान त्या एकावर तोललेली असते. जन्मभर पोरांना भूमिती शिकवली मी!

गवंडी मला ओढून मागं घेतो न घेतो, तोच कमान बसली. तिच्यासोबत वरची भिंतही. धूळ एवढी उडाली की काष्टीच्या बाजारात बैल शिंकले असतील.

"आवं मास्तर," धूळ खाली बसल्यावर गवंडी दमल्या आवाजात म्हणाला, "वर धुराड्याचं वजन हाय. आता हितं खिडकी न्हाई हुयाची. भरीव भिंतच घालावी लागंल, दोन-चार दिसांत."

मी आत गेलो. बायको पिठावरची माती बोटानं बाजूला करत होती. मी मोठ्यानं म्हणालो, "बघ तरी! या घरात पहिल्यांदाच वारा आलाय. दोन-चार दिवस का होईना, घे की खाऊन!"

तिनं वर बघितलं नाही.

"आजच बुजवून घ्या," ती म्हणाली. "धूळ येतेय."