गोदामातला कूलर

गोदामात कूलर मी लावला होता. एवढं साधं वाक्य, पण उन्हाळा सरेपर्यंत ते माझ्या तोंडून निघालं नाही. तोवर अकोल्यातल्या एका माणसाचा धंदा बसत आला होता.

अमरावतीच्या एमआयडीसीत कुत्र्यांचं खाद्य बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तिथे मी क्वालिटी मॅनेजर आहे. आमच्या खाद्यात चिकनऐवजी अळ्या असतात. ऐकून लोक तोंड वाकडं करतात, म्हणून सांगतो. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाची एक माशी असते. तिच्या अळ्या टाकाऊ भाजी खाऊन गलेलठ्ठ होतात. त्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, वाळवायच्या, दळायच्या. त्या भुकटीत भरपूर प्रोटीन असतं. ज्या कुत्र्यांना चिकन सोसत नाही, त्यातल्या बऱ्याच जणांना ती चालते.

अळ्या यायच्या रफीकभाईंकडून. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं भाजीचं दुकान. उरलेला माल फेकून फेकून कंटाळले आणि शहराबाहेर शेड टाकून अळ्या पाळू लागले. "भाजीत अळी निघाली तं लोक भांडतात," ते म्हणायचे, "अन् मी अळीसाठी भाजी आणून राहिलो. घरवाली हसते मले."

यंदा मे महिन्यात गोदामाचे पत्रे असे तापले, की आत उभं राहवेना. वाळलेल्या अळीत तेल असतं. उष्णतेनं ते खवट होतं. मला काळजी वाटली. आणि वऱ्हाडातल्या माणसाला उन्हाची काळजी वाटली की तो एकच गोष्ट करतो. घरचा जुना कूलर आणून मी पोत्यांसमोर बसवला, टाकीत पाणी भरलं आणि निर्धास्त झालो.

काही दिवसांनी दळायला घेतलेल्या पोत्यातून कुबट वास आला. आत अळ्यांचे गोळे झालेले, त्यांवर हिरवट बुरशी. बुरशीचं खाद्य कुत्र्याचं यकृत बिघडवू शकतं. मी मशीन थांबवलं. मॉइश्चर मीटर, म्हणजे मालातला ओलावा मोजायचं यंत्र, लावलं. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर.

किशोरभाऊ, आमचे मालक, धावत आले. पुण्याची ऑर्डर भरायची होती.

"काय झालं?"

"माल ओला आला." मी विचार न करता बोललो.

"ओला आला तं तुमी घेतला काहून?"

"येताना ठीक वाटला."

"लावा त्याले फोन. स्पीकरवर."

रफीकभाई म्हणाले, "साहब, कडक वाळवून पाठवला ना. हातात घेतला की चुरा होत होता. तुमीच तं पाहिला."

"रफीकभाई, मशीन खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

किशोरभाऊंनी त्यांची ऑर्डर बंद केली. पुढच्या आठवड्यात अकोल्याच्या वानखडेंचा फोन आला. त्यांची पोल्ट्री आहे, कोंबड्यांसाठी तेही रफीकभाईंच्या अळ्या घ्यायचे. "कसा हाये हो त्याचा माल?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ओला देतो. जपून घ्या." त्यांनीही बंद केला.

आमच्याकडे एक रीत आहे. माल आला की त्यातला मूठभर बरणीत सीलबंद करून ठेवायचा. याला कंट्रोल सॅम्पल म्हणतात. तक्रार झाली की आधी ती बरणी उघडायची, म्हणजे माल येतानाच खराब होता की नंतर झाला, ते कळतं. ती मी उघडली नव्हती. विसरलो नव्हतो. मला खात्रीच होती.

जून लागला. एके दिवशी कपाट आवरताना ती बरणी हातात आली. सहज हलवली. खुळखुळ्यासारखी वाजली.

मीटर लावलं. माल कोरडा ठणठणीत. मी गोदामात गेलो. त्याच खेपेची पोती अजून पडून होती. मागच्या भिंतीजवळची कोरडी. कूलरसमोरची ओली गच्च. कूलर थंडाव्याबरोबर पाणीही फेकतो. कूलरच्या खोलीत पापड सादळतात, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे.

मी कूलर काढला, घरी नेला आणि गप्प बसलो. क्वालिटी मॅनेजरनंच माल नासवला, हे किशोरभाऊंना सांगायची हिंमत झाली नाही. कूलर लावणं ही चूक होती. गप्प बसणं हे पाप होतं, आणि ते मी रोज डबा खाताना, फोन वाजताना करत होतो.

मग रफीकभाईंचाच फोन आला.

"साहब, शेड बंद करून राहिलो. माल कोणी घेत नाही. भांडायले फोन नाही केला. फक्त एक सांगा, मायं चुकलं कुठं? कोणी इचारलं तं मले सांगता आलं पाहिजे."

"सांगतो," मी म्हणालो. बरणी घेतली आणि किशोरभाऊंच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं.

"कूलर कुठं हाये आता?"

"घरी."

"चालू हाये?"

"हो."

"त्याची हवा लागते कशी हो तुमाले?"

त्यांनी ऑर्डरची वही पुढ्यात ओढली.

"ऑर्डर सुरू करतो मी," ते म्हणाले. "पण त्याच्यापुढं तुमी उभे राहा. मी येणार नाही."

तंटा झाला की आधी बरणी उघडायची, तोंड नंतर. हे आता मी लॅबच्या दारावर लिहून लावलं आहे. लोकांना वाटतं नवीन मुलांसाठी आहे.

दुसऱ्या दिवशी वानखडेंना सोबत घेऊनच शेडवर गेलो. अळ्यांचे निम्मे ट्रे धुऊन पालथे घातलेले. रफीकभाई बाहेर आले. "या," म्हणाले. साहब म्हणाले नाहीत. मी बरणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती हलवली, आवाज ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी आधी वानखडेंना म्हणालो, "भाऊ, मी फोनवर तुम्हाला चुकीचं सांगितलं. यांचा माल कोरडाच आला होता. गोदामात कूलर मी लावला होता."

मग रफीकभाईंकडे वळलो. "जून लागल्यापासून मला हे माहीत होतं, रफीकभाई. तरी मी बोललो नाही. मला माफ करा."