काठातला सुटलेला दात

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. उलट त्या मोडीत काढणं हेच माझं काम. मी मानसशास्त्रातली संशोधक, विषय झोप आणि मानसिक आरोग्य. 'रात्री छातीवर कोणीतरी बसलं होतं' असं कुणी म्हटलं की माझं स्लीप पॅरालिसिसचं लेक्चर सुरू. घरचे त्याला वैतागले होते, ते सोडा.

उमरेडच्या विणकर बायकांच्या झोपेवर माझा अभ्यास चालू होता. पद्धत साधी — रोज सकाळी आठला, शहरात बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमधून एकेकीला फोन लावायचा आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. कधी झोपलात, कधी जाग आली आणि कशामुळे, जागेपणी काय केलंत.

त्यातल्या एक शेवंताबाई. पन्नाशीच्या, सगळा जन्म हातमागावर गेलेला.

"तीन वाजता उठली मॅडम. गॅलरीत बसून राहिली होती."

"तुमच्याकडे गॅलरी आहे?"

"कुठली गॅलरी? टिनाचं घर हाय आमचं. मी तं झोपूनच होती. पण बसली बी होती."

मी रकान्यात 'स्वप्न' लिहिलं आणि पुढचा नंबर लावला. पण हे रोजचंच झालं. तीच गॅलरी. उलट्या बादलीवर बसायचं, हातातलं घड्याळ काढून कपड्याच्या मशीनवर ठेवायचं, आणि कठड्याकडे बघत राहायचं... "लय जड वाटते. मले काही तरास नाही, तरी जगू नये वाटते. सकाळी उठली का काहीच नाही." मी घाबरले. नीट चौकशी केली, डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. बाई ठणठणीत. "माह्यं नाही ते," एवढंच म्हणायची. खरं सांगते, ही बाई माझा डेटा खराब करणार याचाच मला जास्त राग येत होता.

मग एका सकाळी ती सहज म्हणाली, "मशीनवर टाकलेलं कापड करवतकाठी हाय, मॅडम. पण विणणाऱ्याचं ध्यान नव्हतं. कोपऱ्यापाशी काठातला एक दात सुटला हाय."

करवतकाठी म्हणजे करवतीसारख्या दातांचा काठ असलेली साडी. आमच्या वॉशिंग मशीनवर सासूबाईंच्या जुन्या करवतकाठीचा तुकडा टाकलेला असतो. फोन कानाला तसाच धरून मी मागच्या गॅलरीत गेले आणि काठावरून बोट फिरवत नेलं. दात, दात, दात... कोपऱ्यापाशी एक नव्हता. कितीतरी वर्षं मी ते कापड धुते आहे, मला कधी दिसलं नव्हतं. शेजारीच बादली उलटी घातलेली होती.

विवेक, माझा नवरा, आत पोहे खात होता. मी त्याला रोज विचारायची, "झोप झाली का?" आणि तो रोज "झाली" म्हणायचा. लोकांना प्रश्न कसे विचारावेत हे शिकवणारी मी तेवढ्यावर खूश. त्या दिवशी विचारलं, "रात्री घड्याळ काढून कुठे ठेवतोस रे?"

त्याचा चमचा थांबला. "तू जागी होती?"

"नाही."

"मग काहून विचारून राहिली?"

मी त्याच्याजवळ बसले. त्याने पोह्यांची ताटली बाजूला सारली आणि सांगायला लागला. कित्येक महिने तो रोज रात्री तिथे जाऊन बसत होता. "तुझ्या फॉर्ममध्ये कारणाचा रकाना असते न," तो म्हणाला, "माझ्याजवळ त्यात लिहायले काहीच नाही. म्हणून बोललो नाही." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. इतकी लाज मला स्वतःची कधीच वाटली नव्हती.

त्याच आठवड्यात उपचार सुरू केले. आता तो बरा आहे. म्हणजे वाईट दिवसांपेक्षा बरे दिवस जास्त येतात. ज्या रात्री तो पहिल्यांदा सलग झोपला, त्याच्या दुसऱ्या सकाळी शेवंताबाई म्हणाली, "ते घर गेलं मॅडम. आता दुसरंच दिसून राहिलं." मी तिला यातलं अक्षरही सांगितलेलं नव्हतं.

आमच्या घरी ती कधी आली नाही. व्हिडिओ कॉल नाही, कुठे फोटो टाकलेला नाही. मी सगळे तर्क लढवून बघितले, एकही टिकला नाही. पुढे माझा पेपर छापून आला. त्यात शेवंताबाईची उत्तरं नाहीत. 'अविश्वसनीय' असा शेरा मारून ती मीच वगळली. पण तिला सकाळचा फोन मात्र मी करतच राहिले, त्या दुसऱ्या घरासाठी. निळ्या भिंती. तिथेही तेच जड वाटणं. एक बाई उठून बसते, बांगड्या एकेक करून काढते आणि खिडकीत ठेवते. खिडकीतून धूर सोडणाऱ्या उंच चिमण्या दिसतात. एवढ्यावर, तिथे वीजकेंद्रं आहेत म्हणून, मी मौद्याला दोन रविवार फिरले, कोराडीला एक. निळी घरं पुष्कळ निघाली. दारात उभी राहून काय विचारायचं, ते मात्र कळेना. एका घरी पाणी पिऊन परत आले.

मागच्या सोमवारी फोन लावला, तर तिचा आवाज एकदम मोकळा होता.

"काल मस्त झोप लागली मॅडम. कोणीच नव्हतं तिथं. बांगड्या तेवढ्या खिडकीत होत्या."

मी वहीत वेळ लिहिली. पुढचा प्रश्न मला विचारता आला नाही.