गेनबा लोहाराचं पाणी

गेनबा लोहार गेले, तेव्हा सारोळ्याला लेक बाळाबाईच्या ओसरीवर माणूस मावेना. जो तो सांगे, "त्यांनी पाणी दिलेली कुऱ्हाड अजून घरात हाय, धार गेली न्हाई." आजोबा भाता ओढताना कसे गुणगुणायचे, ते एकमेकांना दाखवताना नातवंडांना रडू फुटत होतं. बाळाबाईला मात्र एका जागी बसवेना. लोकांना आबांचं पाणी ठाऊक होतं. त्यापायी घरात काय झालं होतं, ते या कुणाला सांगायचं?

भाटघरचं धरण बांधून झालं त्या सुमाराची गोष्ट. बापलेक तेव्हा विंझरला राहत. धार तापवायची आणि नेमका रंग आला की पाण्यात बुडवायची, एवढंच ते पाणी देण्याचं काम. पण कमी तापली तर वळते, जास्त तापली तर तुटते. वेल्ह्याच्या डोंगरातले धनगरसुद्धा त्यासाठी गेनबांकडे उतरत. आणि त्याच गेनबांना बायको गेल्यापासून दिसेनासं झालं होतं. भात्यावर बाळाबाई असे. रंग आला की ती हळूच खोके, आबा धार पाण्यात घालत. गावाला पत्ता नाही.

पोर लग्नाची झाली आणि गेनबांची घालमेल सुरू झाली. पाहुणे येणार म्हटलं की अंगणात येरझारा, जेवणावर वासना नाही. एक गाव लांब, एक सासू कजाग, एक मुलगा काळा. सगळी स्थळं परत. गावाला काय, दुसऱ्याच्या पोरीची भारी काळजी! पोरीतच खोट असणार, असं बाया उघड बोलू लागल्या. बाळाबाईला खरं कारण कळत होतं. बापावर जीव होता, म्हणून तर तिला जास्त चीड येई.

मग सारोळ्याचे सावळाराम लोहार मुलाला घेऊन आले. माणूस धंद्यातला. म्हणाले, "पाव्हणं, तुमचं पाणी बघूनच उठतो." कुऱ्हाड भट्टीत गेली. बाळाबाई भात्यावर बसली आणि तिनं मनाशी ठरवलं, आज खोकायचं नाही. होऊ दे काय व्हायचं ते.

पातं लाल झालं, मग केशरी. गेनबांनी सांडशी धरून मान तिच्याकडे कलती केली. ती भाता ओढतच राहिली.

"बाळे?" ते पुटपुटले.

तिनं ओठ घट्ट मिटले. पात्यातून ठिणग्या उडू लागल्या.

"अवो, जळतंय की!" सावळाराम ओरडले.

"जळू द्या." गेनबांनी सांडशी खाली ठेवली. "मला दिसत न्हाई, पाव्हणं. लई वर्सं झाली. रंग ही पोर सांगती. तिची समदी स्थळं म्याच मोडली, माझं दुकान बसंल म्हनून. पोरीत खोट न्हाई. खोट माझ्यात हाय."

बाळाबाईला वाटलं, खोकले असते तर बरं झालं असतं.

सावळारामांनीच जळकं पातं बाहेर ओढलं. "पोर आमची झाली," ते म्हणाले. "आन तुमीबी चला तिच्यासंगं. आमच्याकडं भात्याला माणूस लागतंच." एवढं बोलून ते पातं ठेवायला दुसऱ्या बाजूला गेले.

गेनबांनी हात जोडले, ते रिकाम्या भिंतीकडे. बाळाबाई उठली आणि तिनं ते जोडलेले हात धरून सावळारामांकडे वळवले.