दोऱ्याला शास्त्रात नाव नाही

अंकुशभाऊ पहिल्यांदा माझ्या पार्लरमध्ये आले ते मधल्या पडद्यातून. दारावर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी होती आणि ते पाटी मानणाऱ्यांतले होते. कडा गावच्या बाजाराजवळ आमचा एकच गाळा आहे. रस्त्याच्या बाजूला मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं सलून आणि बोळाच्या बाजूला माझं पार्लर. मध्ये फुलाफुलांचा एक पडदा. तो बाजूला करून एक उंच, सावळा, रुंद खांद्यांचा माणूस आत आला, हातातली दुधाची रिकामी बरणी त्याने खाली ठेवली, खुर्चीत बसून मान मागे टाकली आणि डोळे मिटून म्हणाला, “वहिनी, मिशी काढा. दोऱ्यानं.”

माझ्या पार्लरमध्ये मिशीवाला माणूस बसण्याची ही पहिलीच वेळ. मला वाटलं, गडी पिऊन आलाय. मी मालकांना हाक मारली. पडद्यापलीकडून कातरीचा आवाज थांबला नाही. “शुद्धीत हाय त्यो,” मालक म्हणाले, “काढ.”

अंकुशभाऊ बाईच्या वेशात लावणी करायचे. सगळे पुरुष कलावंत असलेली एक पार्टी होती, तिच्याबरोबर जत्रांना, गणपतीत, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला त्यांचे कार्यक्रम व्हायचे. निवेदक त्यांना ‘कड्याची केतकी’ म्हणायचा. दिवसा केतकी गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायची. दोन्ही कामं ते सारख्याच गंभीर चेहऱ्याने करत. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यांत काजळाची रेघ राहिलेली असे, आणि तिच्यावरून कोणी काही बोललं तर त्याच्या दुधाची फॅट पुन्हा एकदा, जरा जास्तच काळजीने तपासली जाई. त्यामुळे फारसं कोणी बोलत नसे.

अडचण काजळाची नव्हतीच, मिशीची होती. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. बाप गेल्यावर, दहाव्याला, नदीवर डोक्याच्या केसांबरोबर मिशीही द्यायची, अशी रीत. अंकुशभाऊंचे वडील, तात्या, चांगले ठणठणीत होते. साखर कारखान्याच्या फाटकावर त्यांनी जन्मभर वॉचमनकी केलेली. स्वतःच्या मिशांना ते रोज तूप लावत. पार्टीत नवीन असताना अंकुशभाऊंनी एकदा आमच्या मालकांकडून वस्तऱ्याने मिशी काढून घेतली होती. संध्याकाळी तात्या सलूनच्या दारात उभे. “बाप जिता असताना मिशीला वस्तरा लावलास. मी मेलो का रं?” मालकांनी हात जोडले, चुकलं म्हणाले आणि पुन्हा अंकुशभाऊंच्या मिशीला हात लावणार नाही अशी शपथ घेतली. तात्यांनी मालकांना माफ केलं. मुलाला केलं नाही.

त्या दिवसापासून तात्या अंकुशभाऊंशी बोलले नाहीत. एकाच घरात राहायचं, एकाच तव्यावरची भाकरी खायची, पण निरोप सुनेमार्फत. मुलगा समोर उभा असताना तात्या म्हणत, “सुमन, त्याला सांग, म्हशीला पाणी दाखव म्हणावं.” सुमनताई वळून नवऱ्याला सांगत, “म्हशीला पाणी दाखवा.” पंचाईत म्हशीचीच होत असणार. अंकुशभाऊंची मात्र एकच इच्छा होती, ती त्यांनी मला खुर्चीत पडल्या पडल्या कितीदा तरी बोलून दाखवली. “शिव्या दिल्या तरी चालंल वहिनी. पण एकदा ‘अंकुश’ म्हणून हाक मारावी.” नाच सोडला असता तर त्याच दिवशी मारली असती. पण ते त्यांना जमणारं नव्हतं.

म्हणून त्यांनी विचार करून वाट काढली होती. “वस्तऱ्यानं काढली की वाईट. कातरीनं काढली तरी लोखंडच. दोऱ्याला शास्त्रात नाव न्हाई वहिनी. म्या लई जणांना इचारलं.” ही वाट तात्यांना पटली का, असं मी विचारलं. “त्यांना सांगायचं कसं? बोलणं बंद हाय,” अंकुशभाऊ म्हणाले.

ओठावरची बारीक लव दोऱ्याने काढताना बायका माझा दंड पिरगाळतात. इथे तर पुरुषाची भरलेली मिशी होती. अंकुशभाऊ खुर्चीच्या दांड्यांवर हात ठेवून पडून राहत. डोळ्यांतून पाण्याच्या धारा कानापर्यंत जात आणि तोंडाने, मी दोरा उचलला की, कडब्याची गंज कशी रचावी ते चालू असे. हात पण ते माझ्याकडून वॅक्स करून घेत, पण फक्त कोपरापर्यंत. “पुढं बाही हाय. उगं कावून सोसायचं?”

त्यांचा नेम मी पार्लरच्या कोर्समध्ये ऐकला नव्हता. कार्यक्रमाच्या दिवशी तोंडाला नवीन काही लावायचं नाही. घुंगरांच्या पट्ट्याखाली जुन्या धोतराची मऊ पट्टी गुंडाळायची, म्हणजे घोटा सोलत नाही. दुपारी जेवून भिंतीला पाय लावून पडायचं. त्यांच्या घरात बैठकीच्या भिंतीवर टाचांचे दोन काळे डाग पडले होते आणि पाहुण्यांना ते कशाचे हे कोणी सांगत नसे. “पाय आधी, त्वांड मागून,” ते म्हणत. “लोक तोंड बघत्यात, पर दमतंय कोण?”

रंग उतरवण्याबद्दल तर ते कीर्तनकारासारखे बोलत. “चढवायला समदे शिकत्यात. उतरवायचं कुणी शिकत न्हाई.” कितीही उशीर होवो, खोबरेल चोळून, मऊ फडक्याने पुसून, मग डाळीच्या पिठाने तोंड धुतल्याशिवाय ते अंथरुणाला पाठ लावत नसत. उन्हाळ्यात टँकर यायचा तेव्हा यावरून घरात वाजायचं. “प्यायला टँकर, अन् ह्यांच्या तोंडाला घागर,” सुमनताई म्हणायच्या. म्हणायच्या आणि स्वतःच घागर भरून ठेवायच्या.

माझ्याकडे गॅदरिंगच्या, स्पर्धांच्या मुली यायच्या. अंकुशभाऊ पडद्याआड आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेले असत आणि तिथूनच सल्ले देत. एका सावळ्या मुलीने माझ्याकडे गोरं होण्याची क्रीम मागितली, तर पलीकडून आवाज आला, “गोरं व्हायचं कावून? लाइट गोरं करणारच हाय. तू नुसती झोप काढ चांगली.” मुलगी दचकली. माझी क्रीम खपली नाही. मी चिडून म्हणाले, “अंकुशभाऊ, तुम्ही माझ्या धंद्यावर उठलात.” तर ते म्हणाले, “तिला ते पटलं न्हाई, वहिनी. उद्या येती बघा क्रीम न्यायला.” आली.

टाचांसाठी ते मेण आणि खोबरेल वितळवून एक मलम करत. तात्यांच्या टाचा फाटकावर उभं राहून राहून पार भेगाळल्या होत्या. अंकुशभाऊंनी मलमाची एक डबी सुमनताईंकडे दिली. त्या रोज झोपताना सासऱ्यांच्या पायाला ते लावू लागल्या. कोणाचं आहे हे सांगितलं नाही, विचारलंही नाही. टाचा मऊ झाल्या, तसे तात्या पारावर सगळ्यांना सांगू लागले की सून लई गुणाची. अंकुशभाऊंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा ओठ सुजलेला होता. “पायापर्यंत तर पोचलो, वहिनी.”

मग तात्यांना लकवा झाला. नगरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा एक बाजू गेली होती आणि बोलणं जड झालं होतं. जत्रांचे दिवस तोंडावर होते. अंकुशभाऊंनी पार्टीला नाही म्हणून कळवलं आणि स्वतःच्या अंगासाठी शिकलेलं सगळं बापाच्या अंगावर लावलं. कूस बदलायची, पाठ कोमट पाण्याने पुसायची, खोबरेल, मग पावडर. तात्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. चेहरा एका बाजूला उतरला होता, तर अंकुशभाऊ रोज सकाळी त्यांच्या मिशीला तूप लावून दोन्ही टोकं एका रेषेत आणत. तात्या छताकडे बघत पडून राहत. बोलत नसत.

अंकुशभाऊ माझ्याकडे यायचे बंद झाले. बाजारच्या दिवशी मालकांना दिसले आणि मालक गंभीर होऊन घरी आले. “अंकुशनं मिशी ठेवलीय.” मी विचारलं, त्यात काय? मालक म्हणाले, “दहाव्याला द्यायला काही तरी पाहिजे ना.” मोकळ्या ओठाने नदीवर बसलं तर भावकी काय म्हणेल, याची अंकुशभाऊंना धास्ती होती. आयुष्यभर बापाला दिलं नाही, निदान शेवटी द्यावं, असंही असेल. गावाला मात्र लगेच कळलं. मिशी जशी भरत गेली तसे लांबलांबचे पाहुणे तात्यांना भेटून जायला लागले.

हे एका माणसाला आवडलं नाही.

एका दुपारी सुमनताईंचा फोन आला. “वहिनी, दोरा घिऊन या. तात्यांनी बोलीवलंय.” मालकांनी मला गाडीवर सोडलं, ते स्वतः घरात काही आले नाहीत, शपथ आठवली असावी. तात्या ओसरीवर खाटेवर होते. अंकुशभाऊ खाली, खाटेला टेकून, मान खाली घालून बसले होते. मिशी चांगली झुपकेदार होती, मधे मधे पांढरी. त्यांना अजिबात शोभत नव्हती.

तात्या माझ्याकडे बघून बोलले. शब्द जड होते, राग नव्हता म्हणता येणार नाही. “ह्यो कुणासाठी वाढवायलाय? माझ्यासाठी? आं? मी अजून हाय.” मग जरा श्वास घेऊन, “काढ पोरी. माझ्याम्होरं काढ.”

मी अंकुशभाऊंची मान खाटेच्या कडेला टेकवली, ओठावर पावडर लावली आणि दोऱ्याचं एक टोक दातात धरून कामाला लागले. इतक्या महिन्यांची मिशी, दोरा सारखा अडकत होता. कडब्याचा विषय निघाला नाही. धारा मात्र नेहमीसारख्या लागल्या, कानापर्यंत. तात्या चांगल्या डोळ्याने बघत होते. जन्मभर फाटकावर राखण केलेल्या माणसाची नजर, काही सुटू न देणारी.

“अंकुश.”

माझा दोरा तुटला. सुमनताई चुलीपुढून उठून दारात आल्या.

“लई दुखतं का रं?”

“सवय हाय, तात्या.”

“दर बारीला आसंच?”

“व्हय.”

 तात्या म्हणाले, “मला वाटलं, दोऱ्याचं नुसतं नाव, चोरून वस्तऱ्यानंच करतूस. गार पाणी लावून.”  पावडर डोळ्यात गेली असं म्हणून मी पदर डोळ्याला लावला. कोणी ते खरं मानलं नाही आणि कोणी हटकलंही नाही. तात्यांनीच शेवटी मला कामावर आणलं. “एक बाजू ऱ्हायली, पोरी. अर्धी ठिऊ नगं, बरं दिसत न्हाई. त्याला पुढल्या जत्रंला जायचं हाय.”

पुढची जत्रा यायच्या आत, पावसाच्या तोंडावर तात्या गेले. मधल्या दिवसांत त्यांनी मुलाला इतक्या हाका मारल्या की सुमनताई म्हणाल्या, आता निरोप्याचं काम सुटलं माझं, म्हशीला पण बरं वाटत असंल.

दहाव्याला आम्ही दोघं नदीवर गेलो. अंकुशभाऊंचं डोकं करायला मालकच बसले. केस उतरले, पाण्यात गेले. वस्तरा ओठाशी आला आणि थांबला. ओठ मोकळा होता. पंधरवड्यामागे मीच केला होता, तात्यांच्याच सांगण्यावरून. भावकीतले एक म्हातारे पुढे वाकले. “मिशी कुठं हाय ह्याची? बापाला काय देणार ह्यो?” मागे कुजबुज सुरू झाली. मालक माझ्याकडे बघू लागले. अशा वेळी त्यांना काही सुचत नाही.

अंकुशभाऊंनी मान वर केली नाही. “तात्यांनी आधीच मागून घेतली,” ते म्हणाले.

म्हाताऱ्यांनी सुमनताईंकडे बघितलं. सुमनताईंनी ‘व्हय’ म्हणून मान हलवली. मालकांनी वस्तरा पुसून डबीत ठेवला आणि विधी पुढे सुरू झाला.

जत्रेच्या आदल्या दिवशी पडदा हलला. डोक्यावर बोटभर केस उगवले होते. वर गंगावन लागणार, त्यामुळे काळजी नव्हती. अंकुशभाऊंनी बरणी खाली ठेवली आणि खुर्चीत मान मागे टाकली. पलीकडून मालक म्हणाले, “अंकुशराव, हिकडं या की. आता वस्तरा चालतो तुम्हाला. आता कुणाची आडकाठी हाय?” मलाही ते खरंच वाटलं. त्या ओठाने पुष्कळ सोसलं होतं.

अंकुशभाऊंनी डोळे उघडले नाहीत. “वस्तऱ्याला तात्या कधी व्हय म्हणले न्हाईत,” ते म्हणाले. “दोऱ्याला म्हणले.”

मी दोरा दातात धरला. दातात दोरा असला की बोलता येत नाही, ते एक बरं असतं.