माझी पाच मिनिटं

"घंटा झाली. बसा."

मी फक्त "सन्माननीय अध्यक्ष" एवढंच म्हणालो होतो. मागून कुणीतरी बोललं, "पाणीच मागणार. दुसरं काय मागत्यात ही?" सभागृह हसलं. अण्णाही हसले. ते मला जास्त लागलं.

जिल्हा लोकल बोर्डाची सभा होती. मी चिंचवडजवळच्या एका गावचा, राखीव जागेवरून निवडून आलेला. शेजारच्या गावचे अण्णा बडे बागायतदार. माझ्या प्रचाराला ते स्वतः वस्तीत आले होते.

कारखान्यासाठी जमीन घेतली तेव्हा महारवाड्याची विहीर कुंपणाच्या आत गेली. गावच्या विहिरीवर आम्हाला मनाई. बायका ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीनं कळशी भरत. माझा प्रश्न एवढाच: बोर्ड आम्हाला विहीर कधी देणार?

एका प्रश्नाला पाच मिनिटं मिळत. घरी घड्याळ समोर ठेवून मी बोलून पाहिलं. बायको चुलीपुढून म्हणाली, "गावच्या हिरीवर माझी कळशी लाथाडली, ते कवा सांगणार?" मग एक मिनिट त्याला ठेवलं.

आपली वेळ दुसऱ्या सभासदाला देण्याची तिथे पद्धत होती. सभेच्या दारात अण्णांनी खांद्यावर हात ठेवला. "तू बस रं. तुझा येळ मला दे. माझ्या तोंडानं गेलं तर बोर्डाचा सायेब हलंल."

मी दिली. मला ते खरं वाटलं.

अण्णा उठले आणि रस्त्यावर बोलू लागले. त्यांच्या उसाच्या मळ्यापासून हमरस्त्यापर्यंतच्या रस्त्यावर. गाड्या रुततात, बैल मोडतात. घड्याळाचा काटा मी बघत होतो. शेवटी म्हणाले, "विहिरीचं मी साहेबांशी बोलेन. आमचं समाधान झालं."

समाधान झालं म्हटलं की प्रश्न निकालात. म्हणून मी उठलो होतो.

घंटा पुन्हा वाजली. मी बसलो नाही.

"वेळ संपली तुमची," अध्यक्ष म्हणाले.

"वेळ अण्णांनी वापरली. प्रश्न माझा आहे. माझं समाधान झालेलं नाही. तसं लिहून घ्या."

अण्णांनी माझं धोतर ओढलं. "खाली बस. कुणामुळं आलास हितं?"

"वस्तीमुळं," मी म्हणालो. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

कुणी काही लिहून घेतलं नाही. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. मी तो संपेपर्यंत उभाच राहिलो.

बाहेर अण्णा म्हणाले, "रुसू नगंस. तुझ्या हिरीचं सामान न्यायला रस्ता नगं व्हय?"

मी चालू लागलो.

घरी बायकोनं विचारलं, "कळशीचं सांगितलंत का?"

"न्हाई."

ती रिकामी कळशी उचलून ओढ्याकडे गेली.

तोच प्रश्न मी पुढच्या सभेला पुन्हा लावला. माझी वेळ आता कुणाला मिळणार नाही, अर्धं मिनिटसुद्धा. 'सन्माननीय' म्हणण्यातही ती जाणार नाही. उभा राहीन आणि पहिलं वाक्य कळशीचं बोलेन.