मायक्रोस्कोपखालचे घरभेदी

रक्त तपासायच्या खोलीत नोकरी केली की किस्से स्लाइड्ससारखे साचतात. स्लाइड्स निदान धुऊन परत वापरता येतात!

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नागपुरातल्या एका हॉस्पिटलात मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून नवीनच लागले होते. प्रमुख घाटे सर, टेक्निशियन रामटेके भाऊ.

सर कॉन्फरन्सहून आले ते उड्या मारतच. "कॅन्सर करणारे जीन्स बाहेरून येत नाहीत! आपल्याच पेशींत असतात. एरवी इमानदारीनं वाढीचं काम पाहतात, बिघडले की घात!"

रामटेके भाऊ स्लाइड रंगवता रंगवता म्हणाले, "म्हंजे घरचाच माणूस! अन् आपण दरवाजाले कुलूप लावून राहिलो!"

*

वर्गात सर ल्युकेमिया शिकवत होते. "या पांढऱ्या पेशी मोठ्या होत नाहीत, काम शिकत नाहीत, नुसती गर्दी करतात."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, होस्टेलबद्दल सांगून राहिले का?"

"हो. आणि रेक्टर मीच आहे!"

*

कळमन्याचे एक संत्र्याचे व्यापारी. धाकट्या भावाला ल्युकेमिया. सरांनी समजावलं, दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आहे.

"मंग वापस बदलून घ्या ना! आमच्याकडे तर रोज घेतो."

"शेठ, वापस घेणारा अजून भेटला नाही."

शेठ घासाघीस न करता उठले.

*

एका तरुण पेशंटची आई सुनेकडे बघत मला म्हणाली, "जीन म्हंजे माहेरचं असते ना, डॉक्टर?"

"नाही हो. हा बिघाड तुमच्या मुलाच्याच हाडाच्या मगजात झालाय. सुनेचा काय संबंध?"

बाई नाराज झाल्या. "मंग एवढी तपासणी केली काहून?"

सून तेवढ्यात नवऱ्यासाठी रक्त द्यायच्या रांगेत उभीही राहिली होती.

*

महाल भागातले टेलर वांढरे काका. ब्लड कॅन्सर. दर महिन्याला पेशी मोजायला येत. एकदा म्हणाले, "रामटेके, मले दाखव ना गा माह्या पेशी. तीन वर्षं झाले, तोंडओळख बी नाही!"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी स्लाइड लावून दिली.

काका चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. "जांभळा रंग मस्त बसला." मग डोळा न काढताच हळूच म्हणाले,

"यांले कोणी सांगतलं नसन ना गा... का मी गेलो तं हे बी गेले?"